दोन पेरूंचा पुडा

बाईनं आबांच्या मांडीवर बिस्किटांचा पुडा ठेवला तेव्हा मी त्यांच्या अगदी शेजारी बसले होते आणि मोबाईलच्या काळ्या काचेत स्वतःचे मोकळे केस बघत होते. जालन्याचं बसस्टँड, सकाळचे साडेनऊ, डिसेंबरातलं ऊन सिमेंटच्या बाकापर्यंत आलेलं. आबांच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आजी, पायाशी पेरूंची कापडी पिशवी. शाळेला नाताळची सुट्टी होती, आणि आम्ही तिघं शहागडला निघालो होतो, गोदावरी बघायला आणि भजी खायला. दुसरं काही काम नव्हतं. बाई चाळिशीची, जांभळा स्वेटर घातलेली, बरोबर माझ्याएवढी मुलगी. पुडा ठेवून ती वाकली आणि लहान पोराशी बोलावं तसं म्हणाली, "बाबा, खा हं. घरचे नाही ना बघत तुम्हाला? असू द्या." आबांना कमी ऐकू येतं, ते नुसते हसले. मला मात्र सगळं नीट ऐकू येतं. चार पावलं गेल्यावर ती मुलीला हळूच जे म्हणाली तेही ऐकू आलं. "तेच गं ते. व्हिडिओतले आजोबा."

आबांनी पुडा उलटा केला, सुलटा केला. मग पिशवीत हात घालून दोन पेरू काढले, चाचपून बघितले, एक कच्चा निघाला म्हणून बदलला, आणि उठून तिच्यामागं गेले. "ओ बाई, हे जाम घ्या. घरच्या झाडाचे हायत." आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात. बाई गोंधळली. "अहो राहू द्या बाबा, तुम्हालाच लागतील." आबा म्हणाले, "असं न्हाई बाई. तुम्ही देलं, मी देलं. बराबर झालं." तिनं पेरू घेतले, आणि तिचे डोळे भरून आले. तिला काय वाटलं असेल ते मी सांगू शकते, कारण असंच वाटावं म्हणून मी महिनाभर घासूनघासून वाक्यं केली होती.

तेव्हा मी उठायला पाहिजे होतं. उठून म्हणायचं, ताई, ती व्हिडिओतली मुलगी मीच, आणि त्यातलं काही खरं नाही. एवढंच. पण व्हिडिओत मी गणवेशात होते, दोन वेण्या घातलेल्या, आणि आज जीन्स घातली होती, केस मोकळे होते, त्यामुळे तिनं मला ओळखलं नाही, आणि ओळखलं नाही याचं मला बरं वाटलं. जिल्ह्यातल्या बावीस शाळांमधून पहिली आलेली वक्ता, आणि एक वाक्य निघालं नाही. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. लाज कानात येते हे मला तोवर माहीत नव्हतं. मी परत काचेत बघितलं. केस छान होते.

मला बोलता येतं हे मलाच नवीन आहे. आठवीपर्यंत मी वर्गात तोंड उघडत नव्हते. एकदा बाईंनी विचारलं, काल का आली नाहीस, आणि मी म्हणाले, "गावाला गेल्ते." अख्खा वर्ग हसला. बेबीनंदा नावाची एक मुलगी तर पुढे वर्षभर मला बघितलं की "गेल्ते, आल्ते" करायची. आबांनी उमर मेंढरांमागं काढलेली, आजीनं त्यांच्यामागं, पप्पाही दहा वर्षांचे होईपर्यंत कळपाबरोबर चाललेले. आमच्या घरात तसंच बोलतात. मी दोन वर्षं आरशासमोर उभी राहून "गेले होते, आले होते" म्हणत राहिले. मग नववीत रामप्रसाद सरांनी मला पंधरा ऑगस्टला उभं केलं, आणि काय झालं कोण जाणे, माझा आवाज पटांगणाच्या भिंतीला लागून परत माझ्याकडे आला. केवढा मोठा होता तो. मला वाटलं हा कुणाचा आवाज आहे, आणि हा माझा असेल तर मी इतके दिवस कुठे होते. त्या दिवसापासून मी चालतेच वेगळी. दुकानात हळू मागत नाही. रिक्षावाल्याशी भांडते. बेबीनंदा आता माझ्या डब्यातलं खाते. हे सगळं मला इतकं आवडतं, इतकं आवडतं, की सकाळी उठल्या उठल्या आधी आठवतं की मी आता ती आहे, आणि मग दात घासायला जाते.

तर स्पर्धेचा विषय होता 'हरवत चाललेले आजी-आजोबा'. सर म्हणाले, "प्रांजली, माहिती सगळेच सांगतील. तू घरातलं सांग. श्रोत्याच्या डोळ्यांतून पाणी निघालं की नंबर आपला." मी घरी येऊन आबांकडे बघत बसले. ते मम्मीनं मुद्दाम आणलेल्या निळ्या खुर्चीत बसून पेरूच्या झाडाखाली सालं खाणाऱ्या शेळीला शिव्या घालत होते, आणि आजी त्यांना. या माणसांवर कोण रडणार? मग मला गुरुवार आठवला. आबांना पंच्याहत्तर पूर्ण झाली आणि एसटीचा प्रवास फुकट झाला, तेव्हापासून दर गुरुवारी दोघं सकाळी आंघोळ करून, आबा पटका बांधून, आजी नाकात नथ घालून, बस पकडून कुठेतरी जातात आणि संध्याकाळच्या आत येतात. कुठं गेल्ता, तर वाटूरला, चहा प्याला. कुठं गेल्ता, तर शहागडला, पाणी बघितलं. एवढंच. हे मी घेतलं, आणि थोडंसं वाकवलं. थोडंसंच, असं मला तेव्हा वाटलं. "माझे आबा दर गुरुवारी बसमध्ये बसतात. ते कुठे जातात? कुठेच नाही. कारण ज्याला स्वतःच्या घरात एक खुर्ची नाही, त्याला सरकारच्या बसमध्ये एक खिडकी आहे." इथे मी थांबायचे. सरांनी तीन आकडे मोजायला सांगितले होते. दुसऱ्या आकड्याला पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी पर्स उघडून रुमाल काढला, आणि मला जे वाटलं ते वाईट नव्हतं. ते मी लपवणार नाही. मला उडी मारावीशी वाटली होती.

व्हिडिओ सरांनीच केला. शेवटी बासरी टाकली आणि माझ्याकडून आबांचा फोटो मागून घेतला. माझ्याकडे त्यांचे कितीतरी फोटो होते, सगळ्यांत ते हसत होते. एक तेवढा निराळा होता, बसच्या खिडकीतला, डोळे भरलेले, तोंड अर्धवट उघडं. तो शिंक यायच्या आधीचा फोटो आहे. त्याच्या पुढच्या क्षणी आबा इतक्या जोरात शिंकले होते की आजी म्हणाली, गाडी हालली का काय. मी तोच पाठवला.

मम्मीनं व्हिडिओ बघितला तो भाजी निवडताना. संपल्यावर मोबाईल ओट्यावर ठेवला, मेथीच्या चार काड्या मोडल्या आणि एवढंच म्हणाली, "आपल्याकडं खुर्ची हाय की गं. निळी." मी म्हणाले, "अगं भाषणात असं असतं." मम्मी म्हणाली, "असतं का." पप्पांनी डोक्यावरून हात फिरवला, छान बोललीस म्हणाले. ते बियाण्यांच्या गोदामात काम करतात. पुढे आठ दिवसांनी मम्मीकडून कळलं की गोदामात एकानं सगळ्यांसमोर त्यांना विचारलं होतं, "गोरक्षनाथ, म्हाताऱ्याला असं ठेवतोस का रे?" आणि पप्पा काहीच बोलले नव्हते. का नाही बोलले, विचारलं तर मम्मी म्हणाली, "काय बोलणार? पोरगी खोटी हाय म्हणून सांगणार?" तेव्हा मी रुसले होते. माझ्यावर अन्याय झाला असं मला वाटलं होतं, कारण बक्षिसाची ढाल तर खरी होती, फ्रिजवर ठेवलेली, माझ्या हाताएवढी. आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवायचे. भाषण त्यांनी ऐकलं नव्हतं. आजीनंही नाही. त्यांच्याकडे साधा बटनाचा फोन आहे, आणि मी दाखवला नाही.

बस आली. आबांनी खिडकीच्या सीटवर आधी रुमाल टाकला, आजीनं तो काढून आपली पिशवी ठेवली. "अंबडपर्यंत मी," ती म्हणाली. "अंबडपासून तुमी. मागल्या गुरुवारी तुमी नुसते घोरत गेल्ते." कंडक्टर आला. आबांनी गळ्यातल्या प्लॅस्टिकच्या पाकिटातलं आधार कार्ड दाखवलं, शून्य रुपयांचं तिकीट घेतलं आणि त्याच्या हातात एक पेरू ठेवला. तो ओळखीचा असावा, त्यानं मुकाट्यानं खिशात टाकला. आजीचं अर्धं तिकीट. ती म्हणाली, "मला निदान अर्धी किंमत हाय. तुमाला तर सरकारनं फुकटात काढलं." मागच्या सीटवरचा माणूस हसला. आबाही हसले. मी पण हसले, पण पुडा पिशवीच्या तोंडाशी दिसत होता, लाल, चकचकीत, आणि मी पाय पुढे करून पिशवी सीटखाली ढकलली.

"कंडक्टरला पेरू कशाला देता?" मी विचारलं. आबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पाणी कशाला पितात विचारलं. "मेंढरं शेतात बसवायचो ना बाई, तव्हा काय फुकट बसवायचो? रातभर मेंढरं बसली की रानाला खत व्हायचं. मालक जवारी द्यायचा. त्याचं रान पिकायचं, आमचं पोट भरायचं. फुकट घेतलं की पचत न्हाई. सवयच न्हाई पोटाला." मग खिडकीबाहेर बोट दाखवून, "ह्या रानात तीन दिवस बसल्तो. त्या लिंबाखाली लांडगं आल्तं. हितं पाणी न्हवतं बिलकुल." ही तीच वाट होती. जालना, अंबड, वडीगोद्री, शहागड. मेंढरांमागं बारा-बारा दिवस लागायचे, आणि पायांना भेगा, आणि उशाला दगड. तीच वाट आता दोन तासांत, पाय न हलवता, खिडकीतून मागं मागं जाते. म्हणजे ते इथं हे बघायला येतात. मला माहीतच नव्हतं. मी यांच्यावर सात मिनिटं बोलले होते, आणि एकदाही विचारलं नव्हतं की तुम्ही गुरुवारी जाता ते काय बघता. ज्या माणसाची सगळी उमर पायांखाली गेली तो ती खिडकीत बसून पहिल्यांदा आरामात बघतोय, आणि मी म्हणाले होते, ते कुठे जातात, कुठेच नाही, आणि तीन आकडे मोजले होते. एक. दोन. तीन.

वडीगोद्रीच्या अलीकडे एक पेट्रोल पंप आहे. तो आला तशी आजी एकदम सरळ बसली, पदर डोक्यावर घेतला आणि पंपाला हात जोडले. मी हसू दाबलं. "हसती काय," ती म्हणाली. "तुझा बाप हितं झाला. बाभळीखाली. सकाळी झाला आन् दुपारी आमी पुढं निघालो." आबा म्हणाले, "दुपारी न्हाई, दिवस कलला होता." "तुमी कुठं होते तव्हा? तुमी मेंढरापाशी. म्हणे दिवस कलला होता." बाभूळ कधीच तोडली गेली, तिच्या जागी डिझेलचं मशीन आहे, आणि आजी दर वेळी त्या डिझेलच्या मशीनला नमस्कार करते. पंपावरचा पोरगाही आता हात वर करतो म्हणे. त्यानं केला. आजीनं लाजून तोंड फिरवलं आणि मला कोपरानं ढोसलं, "बघितला का?" तिचं ते तोंड, नथ हलत होती, गाल वर गेलेले. मला वाटलं, मी पाठवलेला फोटो, शिंकेचा, तो आत्ता किती मोबाईलमध्ये असेल. चारशे? चार हजार? आणि हे तोंड कुणाच्याच नाही.

शहागडला उतरलो. रस्त्याला ट्रकची रांग, गरम तेलाचा वास, पुलाच्या पलीकडे नदी रुंद आणि सपाट, ऊन तिच्यावर चुरगळून टाकल्यासारखं. भजी कागदात घेऊन आम्ही खाली घाटाच्या पायऱ्यांवर गेलो. आबांनी घोंगडी अंथरली, जोडे काढले आणि पाय पाण्यात सोडले. भेगांचे, काळे, नखं वाकडी झालेले पाय, आणि त्यांच्याभोवती बारीक मासे जमले. "खाऊन राह्यलेत बघ," आबा म्हणाले. "खा लेको. सत्तर वर्षाचं मुरवलंय." आजी इतकी हसली की भजं तिच्या घशात अडकलं, मग मी तिची पाठ चोळली, तिनंही पाय पाण्यात सोडले, मग मलाही हसू आलं, आणि मी सॉक्स काढून पाय पाण्यात टाकले. केवढं गार. मासे माझ्याही पायाला आले आणि मी किंचाळले. खरंच सांगते, पाच मिनिटं मी पुडा विसरले. पाच मिनिटं मी कुणीच नव्हते, वक्ता नाही, जिल्ह्यात पहिली नाही, फक्त सहा पायांपैकी दोन पाय होते माझे.

"मंग म्हण की आता," आबा म्हणाले.

"काय?"

"भाषण. ढालीचं. ह्यासाठीच तर आणलं तुला. घरात ती टीव्ही चालू राहती, ऐकू येत न्हाई. हितं कसं शांत हाय. उभी राह्य त्या पायरीवर." आजीनं हात पदराला पुसले आणि मांडी घातली, जशी कीर्तनाला घालतात. मी म्हणाले, पाठ नाही आता. आजी म्हणाली, "खोटं बोलती. परवा न्हाणीत म्हणून राह्यली होती."

उभी राहिले. ओले पाय, पायरीवर ठसे उमटले. त्या दोन तोंडांकडे बघून मला एक युक्ती सुचली, आणि ती इतक्या सहज सुचली याची मला आता जास्त लाज वाटते. 'माझे आबा' असेल तिथे मी 'एक आजोबा' म्हणायचं ठरवलं. बाकी काही बदललं नाही. आवाजही कमी केला नाही. एक आजोबा दर गुरुवारी बसमध्ये बसतात. ते कुठे जातात? कुठेच नाही. माझा आवाज पाण्यावरून गेला आणि पुलाखालून परत आला, छान, भरलेला, आणि मला त्याची किळस आली, पण थांबता येईना. शरीराला पाठ होतं. हात आपोआप वर जात होता, खुर्चीच्या वाक्याला आपोआप खाली येत होता. थांबायच्या जागी मी थांबले. तीन मोजले. दुसऱ्या आकड्याला आजीनं पदर डोळ्याला लावला.

संपलं. मग आजी म्हणाली, "कोणाचं गं ते म्हातारं?"

"आहेत एक."

"पोटची पोरं असून बसायला खुर्ची न्हाई? आन् सून काय करती?" तिचा आवाज जड झाला होता. माझ्या मम्मीला ती शिव्या देत होती आणि तिला ते माहीत नव्हतं. आबा पाण्यातले पाय न हलवता बसले होते. म्हणाले, "त्याला सांगशील का? एखाद्या गुरुवारी आपल्यासंगं ये म्हणावं. एकटाच फिरत असंल बिचारा. संग असला म्हणजे मजा येती." मी मान हलवली. मग आबांनी पिशवी ओढली, पुडा काढून घोंगडीवर ठेवला. "आता बराबर समजलं मला. सकाळच्या त्या बाईनं मला तसलाच समजलं. ऐकू आल्तं मला, ती काय म्हणली. म्हणलं पोरीम्होरं इषय कामून वाढवा." त्यांनी पटक्याला हात लावला. "पटका जुना झालाय माझा. घोंगडी बी. असं ध्यान स्टँडवर बसलं की लोकाला वाटणारच, ह्याला घरात कोणी इचारत न्हाई. गोरखला नावं ठेवतील लोक. त्यानं किती केलंय आपलं." आजीनं विचारलं, "मंग?" आबा म्हणाले, "मंग काय. बास झालं आता. लई गुरुवार झाले. हा पुडा तू त्या म्हाताऱ्याला पोचव बाई. त्याचाच हाय तो, चुकून माझ्याकडं आला."

उरलेली भजी आजीनं कागदात गुंडाळली, फार व्यवस्थित, चारही कोपरे आत घालून. नदीकडे बघितलं. मग पायऱ्या चढायला लागली, आणि चढताना एकदा वळून परत बघितलं, जसं घर सोडताना कुलूप लागलं का बघतात.

परतीच्या बसमध्ये खिडकीसाठी भांडण झालं नाही. आजी म्हणाली, तुमी बसा, आबा म्हणाले, तू बस, आणि शेवटी मला बसवलं. पुडा माझ्या मांडीवर होता. कितीतरी बक्षिसं मी अशी मांडीवर घेऊन घरी आले आहे. कंडक्टर दुसरा होता, आबांनी त्याला पेरू दिला, पण हात पुढे करताना आधी इकडेतिकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं असेल की आपण कसे दिसतो. ते मी त्यांना शिकवलं होतं. कुणी मला "गेल्ते, आल्ते" करून शिकवलं होतं तसंच. अंकुशनगरजवळ उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला. कारखान्याच्या मळीचा आंबूस वास खिडकीतून आत आला, बस उभी राहिली, इंजिन बंद झालं. आता नाही बोलले तर पुढच्या गुरुवारी आबा निळ्या खुर्चीत बसून राहतील, आणि ती खुर्ची मला रोज दिसेल.

आबा म्हणाले, "कुठं राहतो तो? लांब हाय का?"

"कोण?"

"म्हातारा."

मी पुड्याकडे बघत म्हणाले, "आपल्याच घरी." त्यांना ऐकू आलं नसेल असं वाटलं, म्हणून मी परत म्हणाले, मोठ्यानं, आणि मग सगळंच बाहेर पडलं, फोटो, बासरी, खुर्ची, गोदामातला माणूस, मघाशी बदललेला शब्द. "तुम्ही कसे दिसता त्यानं नाही आबा. त्या बाईनं माझा व्हिडिओ बघितला होता. पटका चांगला आहे तुमचा." वाक्यं वाकडीतिकडी येत होती, मधेच "केल्तं, देल्तं" येत होतं. पुढच्या सीटवरच्या दोन बायका वळून बघायला लागल्या. भाषणाला असंच बघतात लोक, पण यावेळी मला कुठे बघावं कळेना.

आबा बाहेर ट्रॉलीकडे बघत राहिले. आजीच आधी बोलली. "मंग रडले कामून मी?" ती चिडली होती. "माझं पाणी वाया घालवलं. माझी सून इतकी करती आन् मी तिला शिव्या देल्या. घरी गेल्यावर तू पाय धर तिचे." मी हो म्हणाले. मग आबा, माझ्याकडे न बघता, "ढाल त्याच्यावर भेटली?"

"हो."

"हं." ट्रॉली हलली, बस सुरू झाली. अंबड आलं तेव्हा त्यांनी हात पुढे केला. "आण इकडं तो पुडा. दोन जाम देल्ते मी. इकत घेतलाय तो. फोड." मी फोडला. त्यांनी एक आजीला दिलं, एक मला, एक स्वतः घेतलं, आणि चौथं काढून माझ्या तळहातावर ठेवलं. "हे त्याचं," आबा म्हणाले. "तुझ्यापाशी राहतो ना तो." त्यांचा चेहरा हसरा होता का, मला सांगता येणार नाही. मी वर बघितलं नाही. तळहाताला घाम आला आणि बिस्किट ओलं होऊन जालना येईपर्यंत मोडलं, पण मी मूठ उघडली नाही.

घरी आल्यावर मम्मीचे पाय धरले, ती भाकरी थापत होती, पीठ माझ्या केसांना लागलं. सरांना सांगून व्हिडिओ काढून टाकला. सर म्हणाले, आता काढून काय उपयोग, कुठे कुठे गेलाय तो. खरंच होतं ते. पुढच्या गुरुवारी सकाळी मी दप्तर भरता भरता कान देऊन होते. न्हाणीत पाणी पडलं. मग बराच वेळ काहीच नाही. मग आजीचा आवाज, "नथ कुठं ठेवली मी?" आणि मागं झाडाखाली आबा, काठीनं पेरू पाडत होते, नेहमीपेक्षा जास्त. मला बघून म्हणाले, "तुझ्या भाषणानं माझा खर्चा वाढवला. कोण कुठं पुडा काढंल, काय सांगावं?" पटका तोच होता, जुना. नीट, घट्ट बांधलेला.

तेव्हापासून पाच गुरुवार झाले. एकदा अंबडला राजगिऱ्याचा लाडू मिळाला, एकदा वाटूरला केळी, दोनदा बिस्किटं. आबा प्रत्येकाला पेरू देतात आणि संध्याकाळी ते सगळं आणून माझ्यापुढे ठेवतात. रागानं नाही. बाजारातून आल्यावर ठेवतात तसं. मी ते दुसऱ्या दिवशी डब्यात नेते आणि खाते. शुक्रवारी बेबीनंदानं विचारलं, "काय गं, आज परत बिस्किटं? कुणी दिली?"

"कुणी दिली नाहीत," मी म्हणाले. "माझ्या आबांनी विकत आणल्तीत."

ती हसली. "आणल्तीत?"

"हो," मी म्हणाले, "आणल्तीत," आणि पुडा तिच्यापुढे केला नाही.